तेराव्या दाराचं पाणी

प्वेब्लो, कोलोराडो
११ फेब्रुवारी २०१८

कासिल्दा,

रितो ओंदोच्या पाटावर या वर्षी पाटकरी म्हणून तुला निवडल्याचं लेक रुपेर्ताने मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, पोरी, चष्मा पूस आणि पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. म्हणजे खरं आहे. एकवीस वर्षं त्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. गावात आता पुरुष उरलेच नाहीत असं दिसतं. माझा भाऊ लासारो असता तर पोट धरून हसला असता.

फोन करू नकोस. माझा उजवा कान गेलाय आणि डाव्या कानाशी दिवसभर रुपेर्ता असते. लिहूनच कळव.

डोंगरावर बर्फ किती आहे? इथे टीव्हीवर एक बाई नकाशा दाखवते. आपला सगळा डोंगर तिने तांबडा करून ठेवलाय आणि म्हणते, खालच्या शहरांनाही यंदा पाणी कमी पडणार. मी तिचं ऐकत नाही. वरच्या कुरणात आपला लोखंडी खांब आहे, तिथे स्वतः जाऊन बघ. तिसऱ्या खुणेपर्यंत बर्फ असेल तर जुलैअखेर पाट वाहील. दुसऱ्या खुणेपर्यंत असेल तर लगेच मला सांग. काय करायचं ते मी सांगेन.

आता कामाचं. माझ्या कमरेच्या सांध्यात लोखंड बसवलंय. डॉक्टर म्हणतो, काठी घेऊन चाला, फावडं विसरा. तेव्हा मार्चमधल्या पाटसफाईला मी येणार नाही. माणूस पाठवावा तर गावात मजूर मिळत नाही. जुन्या पाटकऱ्याला एवढी सवलत चालते. पाटावरच्या पहिल्या दाराचं पाणी नेहमीसारखं माझ्या सफरचंदांना सोड. चाळीस झाडं आहेत, बाबांच्या हातची. मे महिन्यात मी घरी येतोय. एक्याऐंशी पुरी झाली. मरायचं तर त्या झाडांखाली, इथे या सिमेंटात नाही.

ओनोफ्रे


रितो ओंदो, न्यू मेक्सिको
२२ फेब्रुवारी २०१८

ओनोफ्रे भावजींना,

पत्र मिळालं. हसायला लासारो नाही, म्हणून त्याच्या वाटचं मीच हसून घेतलं.

खांबापाशी जाऊन आले. मी या गावात लग्न होऊन आले त्या वर्षी लासारो मला तिथे घेऊन गेला होता, तेव्हा बर्फ माझ्या खांद्याला लागत होतं. परवा गुडघ्याला लागलं नाही. पहिल्या खुणेच्याही चार बोटं खाली आहे. खालून पोकळ झालंय, पाय टाकला की कुरकुर न करता बसतं. दक्षिणेकडचा उतार उघडा पडलाय. तुमच्या टीव्हीवरची बाई खरं बोलते.

आता तुमच्या कामाचं. पाटाचे नियम तुम्हीच लिहिलेत, म्हणून पुन्हा वाचायची तसदी देते. कलम सात: वसंतातल्या सफाईला जो हक्कदार स्वतः येणार नाही किंवा माणूस पाठवणार नाही, त्याची त्या वर्षीची पाळी बंद. आजारपणाचं काही लिहिलेलं नाही. मी शोधलं. सोळा वर्षांपूर्वीही शोधलं होतं.

तुम्हाला आठवत नसेल तर आठवण करून देते. २००२ साल. असंच कोरडं. लासारोची छाती खाणीच्या धुळीने भरलेली, उठून बसला तरी धाप लागायची. त्याच्या जागी मी आले होते. त्याचं फावडं, त्याचे बूट, आत दोन मोजे घालून. तुम्ही पाटाच्या काठावर उभे राहून बारा घरांच्या माणसांसमोर म्हणालात, “बाईचं फावडं आम्ही धरत नाही. घरी जा, पोळ्या लाट.” आणि सगळे हसले. संध्याकाळी मी तुमच्या दारात आले, हात जोडले. तुम्ही जेवत होतात. घास गिळून म्हणालात, “पाटाला भाऊ नसतो, कासिल्दा. पाटाला हक्कदार असतात.”

आमची तीस जर्दाळूची झाडं जूनमध्ये वाळली. गुरं विकली. लासारो तसल्या छातीने कोलोराडोत बटाट्याच्या गोदामात कामाला गेला आणि जानेवारीत पेटीतून परत आला. चर्चच्या पायरीवर तुम्ही खांदा द्यायला पुढे आलात तेव्हा मी तुमचा हात पेटीवरून काढला होता. तेवढंच तेव्हा माझ्या हातात होतं.

सफाई शनिवारी, २४ मार्चला आहे. सकाळी सात वाजता, वरच्या बांधापाशी.

पाटाला दीर नसतो, भावजी.

कासिल्दा मायेस
पाटकरीण


प्वेब्लो
२८ मार्च २०१८

पाटकरीणबाई,

सफाईहून परत पोचलो. रुपेर्ता चार दिवस माझ्याशी बोलत नाहीये, त्यामुळे घरात शांतता आहे. तेवढं तुझ्यामुळे सुख.

मला वाटलं होतं, म्हातारा काठी टेकत आलेला बघून तू म्हणशील, झालं, तोंड दाखवलंत, आता गाडीत बसा. तू मापाची काठी उचललीस. प्रत्येकाला टाकतेस तशीच माझ्या पायापाशी टाकलीस आणि म्हणालीस, “इथून इथपर्यंत, क्रमांक एक.” बोटभरही कमी नाही. मी मोजलं. आणि जागा कुठली दिलीस, तर जिथे विलोच्या झाडांची मुळं पाटात उतरतात ती. ती जागा मी एकवीस वर्षं ज्याच्यावर राग असेल त्याला द्यायचो. बरी लक्षात ठेवलीस.

प्रुदेन्सिओ फावडं घेऊन माझ्याकडे यायला निघाला तर तू काय ओरडलीस! “त्याच्या मापात दुसऱ्याचं फावडं पडलं तर दोघांचंही धरणार नाही.” तो बिचारा कुत्र्यासारखा मागे फिरला. दुपारी सगळे पोसोले खायला बसले, मी उभा. बसलो असतो तर उठलो नसतो. रुपेर्ता गाडीत बसून रडत होती, तिला तू कॉफी नेऊन दिलीस. मला पाणीही विचारलं नाहीस.

चार वाजता संपवलं. तू येऊन तळ काठीने ठोकून पाहिलास. “कोपऱ्यात गाळ आहे,” म्हणालीस. मी तोही काढला.

मनाला लावून घेऊ नकोस, पण काम तुला येतं. माझ्यापेक्षा बरं येतं. आता माझी पाळी मी घामाने कमावलीय आणि बारा घरांनी पाहिलंय. कलम सात संपलं. पाणी कधी सोडतेस ते कळव.

ओनोफ्रे


रितो ओंदो
१४ एप्रिल २०१८

क्रमांक एक यांना,

तुमची पाळी तुम्ही कमावलीत. ती मिळेल.

पण आधी डोंगराचं ऐका. ईस्टरनंतर चार दिवस वाळवंटाकडून वारा आला, लाल धूळ घेऊन. बर्फावर धूळ बसली की ऊन त्याला तव्यासारखं खातं. खांबापाशी आता गवत आहे. एप्रिलच्या मध्यावर! सावलीतल्या घळीत जे राहिलंय तेवढंच आपलं. सरकारी माणूस येऊन गेला. त्याने आकडा सांगितला, मी म्हटलं, बाबा, आकडा नको, तारीख सांग. तो म्हणाला, “मे महिना निघाला तर नशीब.”

पाणी बारीक आहे म्हणून प्रत्येक दाराला तीन दिवस दिलेत, २००२ साली तुम्ही दिले होते तसेच. फेरी दुसऱ्या दारापासून सुरू करते आहे. वीस एप्रिलला दुसरं दार. मग ओळीने बाराव्यापर्यंत. त्यानंतर तेवीस मेला पहिलं दार, म्हणजे तुमचं. शेवटी तेरावं, म्हणजे माझं. फेरी कुठून सुरू करायची हे पाटकऱ्याने ठरवायचं, कलम तीन. तेही तुमच्याच अक्षरात आहे. मला अन्यायी म्हणता येणार नाही, कारण मी तुमच्याही मागे उभी आहे. तशीही सोळा वर्षं माझी पाळी मी कुणालाही देऊन टाकते. वाळलेल्या खोडांना पाणी घालून काय करू? पण सफाई एकदाही चुकवली नाही. सभेत भांडून तुमच्यादेखत बाईचं फावडं धरायला लावलं. कुणाला कलम सात म्हणता येऊ नये म्हणून.

तुमची सफरचंदं फुलली आहेत. लवकर फुलली, ऊन फसवतंय त्यांना. पाकळ्या वाऱ्याने माझ्या अंगणापर्यंत येतात. मी झाडून टाकते.

तेवीस मेपर्यंत पाट टिकला नाही, तर मी काय करणार? पाणी डोंगराचं आहे.

हां, एक मात्र करता येईल. पाळीची अदलाबदल पाटकऱ्याच्या हातात असते. मला एका प्रश्नाचं उत्तर हवंय, तुमच्या हाताने कागदावर. २००२ साली लासारोचं दार तुम्ही बंद केलंत. त्याच्या तीन दिवसांचं पाणी कुठे गेलं?

कासिल्दा


प्वेब्लो
२५ एप्रिल २०१८

कासिल्दा,

कुठे जाणार? पाणी कमी होतं. तेराव्या दारापर्यंत पोचतच नव्हतं. वाटेत जमिनीत मुरलं. लासारोची पाळी चालू ठेवली असती तरी त्याला मिळालं नसतं. हेच मी तेव्हा सांगितलं होतं, हेच आजही.

झाडांना फुलं असताना पाणी नाही मिळालं तर ती फळच धरत नाहीत, पुढच्या वर्षीचे डोळेही मरतात. तुला हे माहीत आहे. लासारोचा सूड बाबांच्या झाडांवर काढू नकोस.

ओनोफ्रे


रितो ओंदो
१ मे २०१८

खोटं. पाणी येत होतं. मी रोज दाराशी बसून बघायचे. फळीच्या वर ओलं असायचं, खाली कोरडं.

पुन्हा लिहा.

कासिल्दा


प्वेब्लो
८ मे २०१८

कासिल्दा,

तीन कागद फाडले. रुपेर्ता विचारते, कुणाला लिहिताय एवढं? मी म्हटलं, पाटकऱ्याला.

पाणी पोचत होतं.

मी घेतलं. तुझ्या दाराला कुलूप घातलं, वर बांध आडवा केला आणि लासारोचे तीन दिवस पहिल्या दाराने आत घेतले. सफरचंदं वाचली ती त्याने. त्या वर्षी दोनच फेऱ्या झाल्या, दोन्ही वेळा घेतलं.

बाबा गेले तेव्हा मी त्यांना शब्द दिला होता की ती झाडं मरू देणार नाही. जर्दाळू लासारोने स्वतः लावले होते. मी मनात म्हटलं, तो तरुण आहे, पुन्हा लावेल. त्याची छाती किती गेली होती हे मला माहीत नव्हतं असं लिहिणार होतो. तो कागद पहिला फाडला. माहीत होतं.

आणि तुझं फावडं. ते मी मुद्दाम परत पाठवलं. तू त्या दिवशी खणलं असतंस तर कलम सात लावता आलं नसतं. मला ते लावायचं होतं. बाईचं फावडं धरत नाहीत असा नियम नव्हताच. तिथेच तोंडाला आलं ते बोललो आणि लोक हसले, म्हणून चालून गेलं.

माफी मागत नाही. मागितली तर तू थुंकशील, आणि ते बरोबर होईल. एवढंच मागतो: हे आपल्या दोघांत राहू दे. आणि पाळी बदलून दे. फार दिवस नाहीत.

ओनोफ्रे


रितो ओंदो
२१ मे २०१८

भावजी,

हे आपल्या दोघांत राहिलं नाही.

काल रविवार होता. प्रार्थना संपल्यावर चर्चच्या बाजूच्या खोलीत पाटाची सभा घेतली. पंधरा मेला शेतकऱ्यांच्या संताची, सान इसिद्रोची मूर्ती पाटाच्या काठाने फिरवली, सगळ्यांनी पावसासाठी गाणी म्हटली, पण आभाळाकडे कुणी मान वर करून बघत नव्हतं. सगळे पाटात बघत होते. पाणी माझ्या घोट्याइतकं. म्हणून सभेला एक घर चुकलं नाही. बाराही हजर. तुमच्या जागी मी तुमचं पत्र ठेवलं होतं.

ते मी उभं राहून वाचलं. पहिल्या ओळीपासून तुमच्या सहीपर्यंत. आवाज कापू दिला नाही. हे वाचायचं म्हणून आठ दिवस मी घरात एकटी मोठ्याने वाचून बघत होते. मला वाटत होतं, संपलं की खुर्च्या सरकतील, कुणी शिवी देईल, कुणी म्हणेल, कुलूप घाला त्या म्हाताऱ्याच्या दाराला. सोळा वर्षं मी या एका आवाजाची वाट बघत होते.

काही झालं नाही. प्रुदेन्सिओ टोपी फिरवत होता. मग म्हणाला, “बस आता, कासिल्दा. झाली की सोळा वर्षं.”

मी म्हटलं, “म्हणजे? तुला माहीत होतं?”

“अगं, कुणाला माहीत नव्हतं?” तो म्हणाला. “आणि म्हाताऱ्याने सगळं स्वतःच्या अंगावर का घेतलंय कळत नाही. चार-चार तास आम्हालाही आले होते की. दर घराला. अठ्ठावीस त्याने ठेवले, बाकीचे वाटले.”

त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. पण बोलून गेला तो गेला.

मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. भावजी, एकानेही नाही म्हटलं नाही. मग अमादाकडे बघितलं. ती सभेचं टिपण लिहिते ना, वहीवर मान घालून बसली होती. लासारो गेल्यावर नऊ दिवस माझ्या शेजारी बसून जपमाळ म्हणणारी अमादा. माझे केस विंचरून देणारी.

“तूही?” मी विचारलं.

“माझा घेवडा जळत होता गं,” ती म्हणाली. “आणि ओनोफ्रे म्हणाला, तुला सांगू नका. मग सांगायचं राहूनच गेलं.”

राहूनच गेलं.

मी म्हटलं, “लिही हे. वहीत लिही, अकरा घरांची नावं घालून.” तिने लिहिलं. रडत होती, पण अक्षर सुंदर आलंय. मग कलम नऊ वाचलं. तुमचंच: जो दुसऱ्याच्या पाळीचं पाणी घेईल, त्याच्या दाराला एक पूर्ण फेरी कुलूप. किती वर्षांत घालायचं ते तुम्ही लिहायला विसरलात. प्रुदेन्सिओ ओरडला, “हा वेडेपणा आहे! फेरी म्हणजे एकोणचाळीस दिवस, तोवर पाट आटेल!” मी म्हटलं, “पाटाला शेजारी नसतात, प्रुदेन्सिओ.”

आज पहाटेपासून बारा दारांना साखळ्या घातल्या. तुमच्याही. एक ते बारा. पाट आता सरळ तेराव्या दाराला येतो.

खूप वर्षांनी घराजवळून पाण्याचा आवाज येतोय.

कासिल्दा


प्वेब्लो
२५ मे २०१८

कासिल्दा,

हे पत्र रुपेर्ता पोस्टात स्वतः नेऊन देतेय, लवकर पोचावं म्हणून.

कुलपं काढ. माझं राहू दे. माझं पुढच्या वर्षीही राहू दे, झाडं जाऊ देत, मी ती सोडली. बाकीची काढ.

अकरा घरांचं मी लिहिलं नाही, कारण पाटकरी मी होतो. त्यांनी मागितलं नव्हतं. मी प्रत्येकाच्या दाराशी जाऊन विचारलं होतं, चार तास जास्त हवेत का? उन्हाळ्यात करपत्या शेतापुढे उभ्या असलेल्या माणसाला असं विचारलं तर तो काय म्हणणार? मला त्यांचं तोंड बंद हवं होतं म्हणून दिलं. त्यांचं पाप असेल तर चार तासांचं. तू त्यांना पुरा उन्हाळा लावते आहेस.

ते कलम मी धाक म्हणून लिहिलं होतं. एकवीस वर्षांत एकदाही लावलं नाही. आणि वाळलेल्या खोडांवर पाणी ओतून तू काय पिकवणार? अमादाचा घेवडा आजही तोच आहे, चार ओळींचा. म्हातारी त्याच्यावर हिवाळा काढते.

मी एकदा असं केलं. त्यानंतर सफरचंदाची एक फोड मला गोड लागली नाही. ऐक माझं, मुली.

ओनोफ्रे


रितो ओंदो
२ जून २०१८

भावजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा पाट कोरडा झाला होता.

पाच दिवस वाहिला. कसे गेले ते सांगते, कारण इथे आता दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

पहिल्या दिवशी मी लासारोचे बूट घातले आणि फावड्याने वाफे फोडले. जमीन इतकी तडकलेली, की पाणी पुढे जाईना, भेगांत उतरून गुडगुडत राहिलं. दुपारपर्यंत पहिली चार खोडं भिजली. खोडंच ती, साल गेलेली, पांढरी. मी प्रत्येकाच्या बुंध्याशी आळं केलं. वेडी वाटत असेन. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी लोक येऊन कुंपणाशी उभे राहिले. मला वाटत होतं साखळ्या तोडतील. प्रुदेन्सिओच्या गाडीत साखळी कापायची मोठी कात्री असते. तोडल्या नाहीत. का, ते माहीत आहे? अमादाच्या वहीत त्यांची नावं आहेत म्हणून नाही. ते मला घाबरले नव्हते. ते फक्त बघत होते, आपलं पाणी मेलेल्या झाडांना जाताना. २००२ साली कुंपणाच्या आतून मी असंच बघत होते. त्यांनी बघावं एवढंच मला हवं होतं आणि ते मिळालं. मला बरं वाटलं, भावजी. खोटं कशाला लिहू? छातीत इतका मोकळा श्वास बऱ्याच वर्षांत गेला नव्हता.

चौथ्या दिवशी सगळं शेत भिजलं. वास सुटला. मी बुंध्यांमध्ये खाली बसले आणि लासारोला म्हटलं, घे. तुझे तीन दिवस, वर एक जास्त.

पाचव्या दिवशी सकाळी आवाज बारीक झाला. दहाच्या सुमारास पाटाच्या तळातले गोटे दिसायला लागले. मी वर चालत गेले, बांधापर्यंत. नदीत डबकी होती, त्यांत मासे वळवळत होते. अजून वर, घळीत, सावलीत एक करडा ढिगारा होता, माझ्या स्वयंपाकघराएवढा. त्याच्याखालून थेंब पडत होते. डोंगरावर आता तेवढंच बर्फ आहे.

परत येताना बारा कुलपं काढत आले. मला कुणी सांगितलं म्हणून नाही. कोरड्या पाटाला कुलूप कशाला!

अमादाचा घेवडा गेला. प्रुदेन्सिओची मिरची गेली. तुमच्या झाडांनी हिरवी फळं टाकली, सुपारीएवढी. त्यांच्यावरून चालताना पायाखाली फुटतात. पाट चालू राहिला असता तरी पाच दिवसांत कुणाकुणाचं किती वाचलं असतं याचा मी विचार करते. दोघांचं वाचलं असतं. तिघांचं, ओढूनताणून.

काल दुकानात गेले तर सगळे गप्प झाले. मी पीठ घेतलं आणि आले.

कासिल्दा


प्वेब्लो
२४ जून २०१८

कासिल्दा,

प्रुदेन्सिओचं पत्र आलं. मला त्याने जे म्हटलंय ते रुपेर्ताने वाचून दाखवायला नकार दिला, म्हणून भिंग घेऊन मीच वाचलं. त्याच्या मते सगळ्याचं मूळ मी आणि त्या मुळाला फुटलेला काटा तू. त्याचं चुकलेलं नाही.

तो लिहितो, पाट आटला तशा गावातल्या विहिरी बसल्या. पंपांतून नुसती हवा येते. जिल्ह्याचा टँकर आठवड्यातून एकदा येतो आणि अर्धा गाळानेच भरलेला असतो. मला हे आधीच कळायला हवं होतं. विहिरी पाटाच्याच मुरलेल्या पाण्यावर जगतात, ते मला बाबांनी शिकवलं होतं.

मी येतोय. रुपेर्ता म्हणते, तिथे आता आहे काय? झाडं नाहीत, पाणी नाही, तुम्हाला बघून लोक रस्ता बदलतील. मी म्हटलं, असू दे. एक माणूस आहे. गावात तुझ्याशी बोलणारा आता मी एकटा, आणि माझ्याशी बोलणारी तू एकटी. एवढ्यावर दोन म्हातारी माणसं दिवस काढू शकतात.

माझ्या घराची विहीर बघून ठेवशील का?

ओनोफ्रे


रितो ओंदो
३ जुलै २०१८

भावजी,

मी तुमच्याशी बोलत नाही. लिहिते.

तुमची विहीर कोरडी आहे. दगड टाकला, खडखडत गेला.

आता माझ्या विहिरीचं सांगते, कारण तुम्ही आलात की कळेलच. तिला पाणी आहे. तुम्ही बाबांकडून जे शिकलात तेच पाच दिवस माझ्या शेतात घडत होतं आणि मला कळलंही नाही. सगळं पाणी खाली मुरलं आणि विहिरीत आलं. गावात एवढी एकच भरलेली आहे. हाताने खणलेली जुनी विहीर आणि वर कप्पी, पंप नाही.

गेल्या सोमवारी अमादा आली. दोन बादल्या घेऊन फाटकाशी उभी राहिली. आत आली नाही, काही मागितलं नाही. मी ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. अर्धा तास तिला तशीच उभी ठेवली. उन्हाने तिचं तोंड लाल झालं. मग विचारलं, “काय हवंय?”

“तुला दिसतंय.”

“मला ऐकायचंय.”

तिने बादल्या खाली ठेवल्या. म्हणाली, “लासारोच्या पाळीतले चार तास आम्ही घेतले. तू रोज माझ्या घरी यायचीस आणि मी तुला कॉफी द्यायचे आणि सांगायचे नाही.”

मी फाटक उघडलं.

आता सगळे येतात. तसंच म्हणावं लागतं. लासारोचं नाव घ्यायचं, तास सांगायचे, मग बादली भरायची. प्रुदेन्सिओ तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी त्याची बायको तापली तेव्हा आला, माझ्याकडे न बघता घाईघाईत म्हणून टाकलं. मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं, बघून. पाद्री रविवारी म्हणाले, हे बरं नव्हे, कासिल्दा. मी म्हटलं, तुम्हाला पाणी तसंच मिळेल, फादर, तुम्ही २००२ साली इथे नव्हतात.

एकदा म्हटलं की झालं, रोज म्हणावं लागत नाही. अकरा घरांचं म्हणून झालंय. आता बादल्या भरताना लोक आपापसांत बोलतात, माझ्याशी नाही. काल मात्र अमादाने कप्पीचा दोर झिजलाय म्हणून दाखवला आणि संध्याकाळी नवा आणून बांधून गेली.

बारावं घर तुमचं राहिलंय. तुम्ही पत्रात लिहिलंत, मी ते सभेत वाचलं, पण तो माझा आवाज होता. तेव्हा आलात की घरात सामान टाकायच्या आधी इकडे या. लोक असतील, सकाळी आठच्या सुमारास असतातच. त्यांच्यासमोर, तुमच्या तोंडाने, माझ्या फावड्यापासून सगळं. मोठ्याने, कारण तुम्हाला स्वतःला ऐकू आलं पाहिजे. मी माफ करेन असं समजून येऊ नका. मला ते येत नाही, आणि शिकायचं वय गेलं.

बादली तुमची आणा. दोर जड आहे आणि विहीर खोल गेलीय, तेव्हा पाणी मी ओढून देईन.

कासिल्दा